रेंज नसताना मोबाईलला आपला ठावठिकाणा लवकर कसा लागेल?

कापडाचा धंदा दुकानात दिसतो, पण त्याचा निम्मा भाग रस्त्यावर असतो. भिवंडीहून निघालेला माल कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर असा मजल दरमजल करत पारनेरला येऊन उतरत नाही, तोपर्यंत व्यापाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. पूर्वी ड्रायव्हर वाटेतल्या एसटीडी बूथवरून एक फोन करी आणि त्यावर आम्ही समाधान मानत असू. आज प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये नकाशा आहे आणि नकाशावर निळा ठिपका आहे. त्यामुळे आता काळजी मिटली, असे आम्हीही समजून चाललो होतो. २०२४ च्या पावसाळ्यातील एका रात्रीने आमचा हा समज पार धुऊन काढला. आमचे नुकसान झाले ते झाले. त्यातून मिळालेला धडा वाचक बंधूंच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच.

त्या रात्री काय घडले?

साड्या आणि शर्टिंगचे गठ्ठे भरून आमचा टेम्पो भिवंडीहून निघाला. सोबत दुसऱ्या एका व्यापाऱ्याचाही थोडा माल होता. तो टाकळी ढोकेश्वरजवळ उतरवायचा होता. ड्रायव्हरने दुपारी चारच्या सुमारास तेथे माल उतरवला, नकाशा उघडून पुढचा रस्ता पाहिला आणि बॅटरी वाचावी म्हणून मोबाईलमधील लोकेशन बंद करून टाकले. नंतर पाऊस कोसळू लागला. पाऊस ओसरण्याची वाट पाहण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले. मग लवकर घर गाठावे म्हणून त्याने हायवे सोडला आणि कान्हूर पठाराच्या बाजूचा एक आतला रस्ता धरला. धुके, चिखल आणि अनोळखी वळणे. तासाभरात टेम्पोची मागची चाके साइडपट्टीत रुतली. मोबाईलला रेंज नव्हती.

तो चालत एका उंचवट्यावर गेला, तेव्हा अर्ध्या मिनिटासाठी आमच्याशी फोन लागला. ''शेठ, गाडी फसली. मोबाईल ढोकेश्वरजवळ हायवेलगत दाखवतोय,'' एवढे बोलून फोन तुटला. आम्ही लगेच जीप काढली आणि पाहुण्यांना घेऊन हायवेवर शोधाशोध सुरू केली. रात्री एक वाजेपर्यंत हायवेच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. टेम्पो तेथे नव्हताच! तो कितीतरी किलोमीटर आत, पठारावर होता. ठिपका जो हायवेलगत दिसत होता, तो दुपारी चार वाजताचा होता.

पहाटे दुधाची गाडी त्या रस्त्याने गेली, तेव्हा ड्रायव्हर सापडला. त्याला साखरेचा त्रास आहे. रात्रभर पोटात अन्न नाही, अंग ओले, हातपाय थरथरत होते. दूधवाल्याने त्याला गूळ-चहा पाजला आणि आम्हाला निरोप पोहोचवला. गठ्ठे भिजले. रंग उतरलेल्या साड्या आम्ही पडत्या भावात काढल्या. मालाचे नुकसान दोन बाजारांत भरून निघते. पण त्या माणसाला काही झाले असते, तर त्याच्या घरच्यांना आम्ही काय तोंड दाखवले असते?

मोबाईल बिघडलेला नव्हता

आम्ही तो मोबाईल घेऊन भाच्याकडे गेलो. तो नगरला शिकला असून मोबाईल दुरुस्तीत त्याचा हात चांगला बसला आहे. त्याने मोबाईल तपासला आणि म्हणाला, ''मामू, यात काहीच बिघाड नाही. ठिपका निळा होता की राखाडी, हे ड्रायव्हरने पाहिलेच नाही.''

येथेच पहिली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोबाईलला सध्याची जागा सापडत नसेल, तर गुगलचा नकाशा शेवटची माहीत असलेली जागा राखाडी ठिपक्याने दाखवतो. निळा ठिपका म्हणजे आताची जागा आणि राखाडी म्हणजे मागची. ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ असते, तेही बोलके असते. वर्तुळ मोठे असेल तर मोबाईल अजून अंदाज बांधत आहे आणि लहान होत गेले तर जागा पक्की होत आहे. जुन्या तारखेची चिठ्ठी पाहून कोणी माल सोडत नाही, तसेच राखाडी ठिपक्यावर विसंबून कोणी जीप सोडू नये.

रेंज आणि जीपीएस या दोन वेगळ्या गोष्टी

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी की रेंज गेली, रिचार्ज संपला, म्हणजे जीपीएसही गेले. ही समजूत चुकीची आहे. जीपीएससाठी सिमकार्डसुद्धा लागत नाही. अमेरिकेने या यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची यंत्रणा पूर्णपणे कामाला लागली. मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती काढल्यावर सर्वसामान्यांच्या हातातील यंत्रेही नेमकी जागा दाखवू लागली. आजचे बहुतेक मोबाईल जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू यांचेही उपग्रह ऐकतात. आपल्या भारताची नाविक ही यंत्रणाही आहे. तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. पुढे काही उपग्रहांतील घड्याळे बिघडली. २०२३ मध्ये सोडलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहात भारतीय बनावटीचे अणुघड्याळ बसवण्यात आले. काही मोबाईल नाविकचे संदेशही ऐकतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो की आता किती वाजले आणि मी कुठे आहे. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून मोबाईल अंतर काढतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी हिशेब ३०० मीटरने चुकतो. मोबाईलचे घड्याळ इतके अचूक नसते, म्हणून जागेसाठी तीन उपग्रहांचे अंतर आणि घड्याळाच्या दुरुस्तीसाठी चौथा, असे निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात.

मोबाईल यात फक्त ऐकण्याचे काम करतो. उपग्रहाकडे तो काहीच पाठवत नाही. म्हणून रेंज नसली तरी जागा सापडते. मग वेळ का लागतो, हा खरा प्रश्न आहे.

वेळ लागण्याचे कारण

जागा काढण्यासाठी मोबाईलला प्रत्येक उपग्रहाच्या मार्गाचा ताजा तपशील हवा असतो. रेंज आणि इंटरनेट असेल तेव्हा हा तपशील नेटवरून क्षणात येतो. त्याला साहाय्यित जीपीएस किंवा ए-जीपीएस म्हणतात. शहरात आपला ठिपका चटकन निळा होतो, तो या मदतीमुळे. रेंज गेली की ही मदत बंद होते. मग मोबाईलला तो तपशील थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावा लागतो. उपग्रहाचा वेग सेकंदाला केवळ ५० अंश, म्हणजे संगणकाच्या भाषेतील ५० बिट. आजच्या इंटरनेटपुढे ही चाल अगदी बैलगाडीची आहे.

हा संदेश ३० सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. उपग्रहाचा स्वतःचा ताजा तपशील त्या तुकड्याच्या पहिल्या १८ सेकंदांत असतो. मध्येच आवाज तुटला, झाड आडवे आले, माणूस टेम्पोच्या टपाखाली गेला, तर राहिलेला भाग मिळवण्यासाठी पुढच्या तुकड्याची वाट पाहावी लागते. असे चार उपग्रहांचे जमावे लागते. सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला तर साडेबारा मिनिटे लागतात. मात्र आजचे मोबाईल त्यासाठी अडून राहत नाहीत.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ढोबळ वेळापत्रक म्हणजे वर्षाचे कॅलेंडर आणि ताजा तपशील म्हणजे आजचे भावपत्रक. कॅलेंडर महिनोन्‌महिने ढोबळ उपयोगी पडते. भावपत्रक मात्र सुमारे चार तासांत शिळे होते. आमच्या ड्रायव्हरने दुपारी चारला मोबाईलला जागा दाखवली होती आणि रात्री साडेदहाला तो ती पुन्हा शोधत होता. भावपत्रक शिळे झालेले, नवीन द्यायला रेंज नाही, आणि तो टेम्पोच्या केबिनमध्ये बसून दर दोन मिनिटांनी मोबाईल बंद-चालू करत होता. प्रत्येक वेळी अर्धवट ऐकलेले वाया जाई आणि काम पहिल्यापासून सुरू होई. भाच्याचे शब्द आम्ही विसरणार नाही. तो म्हणाला, ''मामू, मोबाईल ऐकत होता, पण त्याला कोणी ऐकूच दिले नाही.''

आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातील रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश तेथे मिळून काम करतात आणि पाहुण्यांना मोबाईल बंद ठेवावा लागतो. इतक्या मोठ्या यंत्रालाही क्षीण आवाज ऐकण्यासाठी शांतता लागते. मग नखाएवढ्या अँटेनाच्या मोबाईलला मोकळे आकाश आणि थोडा धीर द्यायला नको काय?

गच्चीवरचा तजुर्बा

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ताका उलगडून पाहायचा, ही धंद्याची शिकवण. आम्ही भाच्याला घेऊन स्वतः पडताळा घेतला. मोबाईलमधील जुना तपशील पुसून टाकला आणि विमान मोड लावून लोकेशन चालू ठेवले. दुकानात कापडाच्या थप्प्यांमध्ये, वर पत्रा असताना, दहा मिनिटे थांबूनही जागा मिळाली नाही. तोच मोबाईल गच्चीवर नेऊन कठड्यावर स्थिर ठेवला, तेव्हा सव्वा मिनिटात जागा लागली. नंतर लोकेशन बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा चालू केले, तेव्हा काही सेकंदांतच ठिपका निळा झाला. भावपत्रक ताजे होते, म्हणून. पुन्हा जुना तपशील पुसला आणि मोबाईल हातात घेऊन गल्लीतून चालत निघालो, तर चार मिनिटे होऊनही शोध चालूच होता.

उपग्रहांची स्थिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये किती उपग्रह ऐकू येत आहेत ते दिसते. त्यात ॲझिमथ असा एक शब्द आढळला. भाच्याने सांगितले, त्याचा अर्थ दिशा. हा शब्द मूळ अरबी. आमच्या उर्दू शाळेतल्या 'सिम्त' या शब्दाचाच तो भाऊबंद निघाला, तेव्हा या यंत्राची भीती निम्मी कमी झाली.

निघण्यापूर्वी काय करावे?

१) रेंज असलेल्या शेवटच्या मोठ्या ठिकाणी, म्हणजे आमच्या वाटेवर मुरबाड, आळेफाटा किंवा ढोकेश्वर, गाडी मोकळ्या जागी उभी करून नकाशा उघडावा. ठिपका निळा झाल्यावरही एक-दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. तेवढ्यात बऱ्याच उपग्रहांचा ताजा तपशील मोबाईलमध्ये जमा होतो.

२) पुढे आडरान असेल तर लोकेशन बंद करू नये. बॅटरीची चिंता असेल तर पडद्याचा उजेड कमी करावा आणि गाडीत चार्जर ठेवावा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर काही मोबाईल पडदा बंद होताच लोकेशनही थांबवतात, हेही ध्यानात असू द्यावे.

३) जागा सापडणे वेगळे आणि नकाशा दिसणे वेगळे. नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते. ते आधी उतरवून ठेवले नसेल, तर कोऱ्या कागदावर ठिपका दिसेल. म्हणून आपल्या वाटेचा नकाशा घरीच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. गुगलच्या नकाशात तशी सोय आहे. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही ॲपही इंटरनेटशिवाय चालतात.

४) 'जीपीएस स्टेटस'सारख्या ॲपमध्ये साहाय्याचा तपशील इंटरनेटवरून आगाऊ उतरवण्याची सोय असते. रेंज असतानाच तो उतरवावा. तेथेच तपशील पुसण्याचेही बटण असते. रेंज नसलेल्या जागी त्याला चुकूनही हात लावू नये. असलेली शिदोरी फेकून देण्यासारखे ते होईल.

५) मोबाईलची वेळ आणि तारीख आपोआप जुळेल अशी ठेवावी. घड्याळ चुकलेले असेल, तर कोणता उपग्रह कुठे शोधावा हेच मोबाईलला उमगत नाही आणि शोध लांबतो.

अडकल्यावर काय करावे?

गाडीतून खाली उतरावे. लोखंडी टप, पत्र्याचे शेड, दाट ओली झाडी आणि घाटाची उभी कडा यांपासून दूर, जेथे जास्तीत जास्त आकाश दिसते तेथे जावे. ढगांची फारशी अडचण होत नाही, आडोशाची होते. पाऊस असेल तर मोबाईल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. धातूचे कव्हर असेल तर काढावे. मोबाईल मुठीत न आवळता बोनेटवर किंवा दगडावर, पडदा वर करून ठेवावा. मग पाच मिनिटे त्याला हात लावू नये आणि बंद-चालूही करू नये. पाच मिनिटांत ठिपका निळा झाला नाही, तर जागा बदलून पुन्हा तेवढाच धीर धरावा.

रेंज अजिबात नसेल तेव्हा मोबाईल टॉवर शोधण्यात बॅटरी संपवत राहतो. अशा वेळी विमान मोड लावून केवळ लोकेशन चालू ठेवता येते. जागा मिळाली की विमान मोड काढायला विसरू नये, नाहीतर मदतीचा फोन ना येईल ना जाईल. संकट मोठे असेल तर ११२ हा क्रमांक लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागण्याची शक्यता असते.

जागा सांगावी कशी?

'अमुक गावाच्या पुढे, वडाजवळ' असे सांगून भागत नाही. वड पुष्कळ असतात. निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले की गुगलच्या नकाशात दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्या पारनेर गावाचे आकडे ढोबळमानाने १९.०० आणि ७४.४४ असे आहेत. त्यामुळे आपल्या भागात आकडा १९ किंवा १८ आणि ७४ ने सुरू झाला नाही, तर कुठेतरी चूक आहे असे समजावे. टिंबानंतर चार अंक लिहावेत. चौथा अंक सुमारे ११ मीटरचा फरक दाखवतो, म्हणजे थेट टेम्पोपर्यंत माणूस पोहोचतो. दोनच अंक लिहिले तर फरक किलोमीटरभर जातो.

हे आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत, मग साध्या एसएमएसने पाठवावेत. जेथे बोलणे तुटते तेथे एसएमएस पुष्कळदा निघून जातो. आकड्यांबरोबर वेळही लिहावी. ज्याला मजकूर मिळेल त्याने ते आकडे नकाशाच्या शोधाच्या चौकटीत टाकले की जागा समोर येते.

हा सल्ला टेम्पोवाल्यांपुरता नाही. मोटारसायकलवर गठ्ठा बांधून वस्त्या-वस्त्यांवर कापड विकणारे आमचे फेरीवाले, डोंगराकडेच्या मळ्यात मोटार दुरुस्तीला जाणारे कारागीर, लांबच्या बांधकामावर जाणारे मिस्त्री या सर्वांनाच तो लागू आहे. घरच्या मुलांकडून एकदा शिकून घ्यावे. त्यात लाज कसली? आम्ही पन्नाशी ओलांडून भाच्याकडून शिकलो.

आता आमच्या टेम्पोत बिल्टीच्या पाकिटात एक पुठ्ठा ठेवलेला असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ठिपका निळा आहे का? मोकळ्या जागी थांब. पाच मिनिटे हात लावू नकोस. आकडे आणि वेळ कळव. त्याच पाकिटात बिस्किटांचा पुडा आणि गुळाचा खडाही असतो. ड्रायव्हर तोच आहे. या पावसाळ्यात माळशेजच्या अलीकडे वाहतूक अडली, तेव्हा रात्री त्याचा एसएमएस आला : दोन आकडे, वेळ आणि खाली 'काळजी नसावी'. आम्ही ते आकडे नकाशात टाकून पाहिले, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित असल्याची खात्री केली आणि बऱ्याच दिवसांनी पावसाच्या रात्री निर्धास्त झोपलो.